अडलेल्यांचा चहा

आमच्या गॅरेजात चहाला एक नियम होता. चार वाजता किटली उकळली की ज्याने त्याने आपलं काय अडलंय ते सांगायचं. काय जमलं ते सांगायचं नाही. जो कोणी "माझं छान चाललंय" म्हणेल, त्याने सगळ्यांचे कप विसळायचे.

हा नियम कोणी ठरवून केला नव्हता. संस्थेच्या मुख्य इमारतीतलं वायरिंग बदलायला काढलं, तेव्हा सगळ्या प्रयोगशाळांची पांगापांग झाली. ज्यांची कुठेच सोय लागेना अशा आम्हा उरल्यासुरल्यांना मागच्या अंगणातल्या जुन्या गॅरेजात आणून टाकलं. पूर्वी तिथे संस्थेच्या बसगाड्या दुरुस्त व्हायच्या. भिंतींना अजून ऑइलचा वास होता. दाराला मोठं लोखंडी शटर, मधोमध मेकॅनिक लोकांचं लांबलचक टेबल, आणि जमिनीत तो खड्डा, ज्यात उतरून माणूस बसचं पोट खालून तपासतो. आडभिंत एकही नाही. एकाला शिंक आली की दुसऱ्याने रुमाल पुढे करावा, असा सगळा उघडा संसार.

पहिल्या दिवशी चहाला प्रत्येक जण आपलंच घोडं पुढे दामटत होता. कोणाचा लेख छापून आला, कोणाला परिषदेचं बोलावणं आलं. माळीबुवांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग कप टेबलावर आपटून म्हणाले, "बढाया मारायला वार्षिक अहवाल आहे. इथे कोणाचं काय अडलंय ते बोला, नाहीतर गप चहा प्या."

मग नळदादाने हळूच सांगितलं, की त्याचं काम कधीचं एकाच जागी अडून बसलंय. त्या दिवशी चहा संपायला चांगलाच उशीर झाला.

माळीबुवा हे काही माळी नव्हेत. वनस्पतिशास्त्रातले जाणते संशोधक. पण दिवसभर हात मातीत आणि नखं काळी, म्हणून हे नाव पडलं, आणि त्यांनाही ते आवडलं असावं, कारण फोन उचलून ते स्वतःच "माळीबुवा बोलतोय" म्हणायचे. एका भिंतीशी त्यांच्या टोमॅटोच्या रोपांच्या दोन ओळी होत्या. एका ओळीला पंपाने नेमाने पाणी. तिला आम्ही लाडकी ओळ म्हणायचो. दुसरीला मुद्दाम तहानलेलं ठेवायचं. रोपाला तहान लागली हे पान सुकायच्या आधी ओळखता येईल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. "पानाने मान टाकली म्हणजे उशीर झालाच," ते म्हणायचे. "पोर तापाने फणफणल्यावर कपाळाला हात लावून काय उपयोग? त्याची कुरकुर आधी कळली पाहिजे."

नळदादा इंजिनियर. पाण्याच्या मोठ्या नळांत हवेचे बुडबुडे का आणि कधी होतात, हा त्याचा विषय. त्याने काचेची एक नळी भिंतीवरून पार छताच्या तुळईपर्यंत चढवली होती आणि वरून पंपाने तो पाणी ओढायचा. ओढ वाढवत नेली की एका क्षणी आतली पाण्याची सलग दोरी तुटायची, टक् असा आवाज व्हायचा आणि मध्ये बुडबुडा बसायचा. ती नेमकी कधी तुटणार हे काही आधी सांगता येत नव्हतं. हेच त्याचं रोजचं रडगाणं. "माझी आई शेजारणींना सांगते," तो म्हणायचा, "पोरगा एवढा शिकला आणि शेवटी नळच दुरुस्त करतो."

आणि मी. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. शनिवारी आसपासच्या शाळांतली मुलं संस्थेत येत, त्यांच्याकडून छोटे छोटे प्रयोग करून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. टेबलाचं एक टोक माझ्या बाटल्या, फुगे, स्ट्रॉ आणि मेणबत्त्यांनी भरलेलं असे. मला सगळेच बाई म्हणत, माळीबुवासुद्धा.

वाघूळताई आमच्यात सगळ्यांत शेवटी आली. हे नाव मुलांनी दिलं. तिने अभ्यासासाठी वटवाघळांची पिल्लं सांभाळली होती, आयांपासून तुटलेली, अंगठ्याएवढी. बसच्या त्या खड्ड्यावर जाळी आणि काळं कापड टाकून तिने त्यांना घर करून दिलं. आत गार, अंधार आणि शांतता. बारीक कुंचल्याने ती त्यांना दूध पाजायची, जरा मोठी झाल्यावर अळ्या भरवायला लागली. एका मुलीने भीतभीत विचारलं, "ताई, ती चावतात का?"

"चावतात ना. अळ्यांना."

वटवाघूळ इतक्या चढ्या, बारीक आवाजात बोलतं, की आपल्या कानांना तो लागतच नाही. ताईचा मायक्रोफोन तो आवाज टिपायचा आणि मग ती तो पुष्कळ संथ करून मुलांना ऐकवायची. तेव्हा कळायचं, गप्प वाटणाऱ्या त्या खड्ड्यात केवढी बडबड चाललीय. तिला पाहायचं होतं ते असं: आपली बाळं जशी ऐकून ऐकून बोलायला शिकतात, तशी ही पिल्लंही शिकतात का? रोज तिन्हीसांजेला, आम्ही घरी गेल्यावर, ती त्यांना एका मोठ्या मादीची साद ऐकवायची आणि त्यांचं उत्तर मुद्रित करायची.

तिच्या पहिल्या दिवशी चहाला माळीबुवांनी विचारलं, "बोला ताई, तुमचं काय अडलंय?"

"काही नाही सर. छान चाललंय."

"नवीन आहे म्हणून माफ करू या," नळदादा म्हणाला. "पण कप विसळावे लागतील हं."

तिने हसून कप विसळले. दुसऱ्या दिवशीही छान चाललं होतं. तिसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं. "ताई," नळदादा म्हणाला, "इतकं छान चालणारं काम मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. जरा आमच्या नळाच्या डोक्यावरही हात ठेवा की." ती हसायची, ट्रे उचलायची आणि अंगणातल्या नळाकडे निघून जायची.

वर्गात "समजलं का?" असं विचारल्यावर जे मूल सगळ्यांत आधी मान हलवतं, त्याला बहुधा समजलेलं नसतं. पण अशा मुलाला चारचौघांत उभं करून विचारायचं नसतं, हेही मी शिकवता शिकवताच शिकले. म्हणून एके दिवशी मी फडकं घेऊन तिच्यामागे अंगणात गेले.

"बाई, तुम्ही कशाला? नियम मला आहे."

"विसळायचा आहे. पुसायचा कुठे आहे? दे तो कप." मग जरा वेळाने मी म्हटलं, "खरंच एवढं छान चाललंय?"

तिने आधी नळ बारीक केला. मग म्हणाली, "आमच्या आधीच्या ठिकाणी सर सांगायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मला ते पटायचं नाही. यंत्र नीट चालत नव्हतं म्हणून मी एकदा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यापाशी मन मोकळं केलं. पुढच्या बैठकीत त्यानेच ते सगळ्यांसमोर मांडलं. हिच्या कामावर विसंबता येत नाही म्हणाला. तिथलं माझं सगळं तिथेच संपलं."

"आणि इथे?"

"इथे समितीने हा एकच मोसम दिलाय. पिल्लं बोलायला शिकतात ती याच दिवसांत. एकदा मोठी झाली की झालं. स्वच्छ ध्वनिमुद्रणं दाखवली तर माझी जागा राहील, नाहीतर ती दुसऱ्याला जाईल. आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोण विचारतं?"

"मग दाखवशील ना?"

धुतलेलाच कप तिने परत नळाखाली धरला. "दाखवीन," ती म्हणाली.

मी पुढे काही विचारलं नाही. मूठ ज्याची त्यानेच उघडायची असते, दुसऱ्याने बोटं ओढून उपयोग नसतो.

त्यानंतर थोड्या दिवसांनी माळीबुवा चहाला आले ते एक उपटलेलं रोप हातात धरूनच. टेबलावर माती सांडली. पानं पार लोळागोळा झाली होती.

"हे कुठलं, विचारा."

"तहानलेल्या ओळीतलं," नळदादा म्हणाला.

"तहानलेल्या ओळीतलं असतं तर मी पेढे वाटले असते. हे लाडक्या ओळीतलं आहे! ज्याला रोज पाणी, ज्याचे सगळे लाड, तेच मान टाकून बसलंय. एकटं नाही, सगळी ओळ. मुळं बघा, कीड नाही, बुरशी नाही. माती बदलून पाहिली. बियाणं तर दोन्ही ओळींना एकच. दोन्ही ओळी सारख्याच सुकायला लागल्या तर मी तुलना कशाची कशाशी करू? माझ्या टकलाची तुझ्या टकलाशी?"

"मला टक्कल नाहीये, बुवा."

"पडेल. या गॅरेजात राहा म्हणजे पडेल."

"नळी तुंबली असेल."

"नळी फुंकून पाहिलीय, टायमरही चालूच असतो. तू तुझ्या नळ्या सांभाळ."

आम्ही हसत होतो. वाघूळताई हसत नव्हती. ती त्या रोपाकडे बघत होती. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "सर, तुमचा पंप दिवसातून किती वेळा चालतो?"

"एकदाच. तिन्हीसांजेला, टायमरवर. उन्हं कलल्यावर दिलेलं पाणी मुळाशी मुरतं. का गं?"

"सकाळी नाही चालत?"

"सकाळी कशाला चालेल?"

ताईने कप खाली ठेवला. "मग तुमची ओळ मीच सुकवली," ती म्हणाली.

कोणाला काही कळेना. तिने एकदा शटरकडे पाहिलं, जणू उठून निघूनच जावं. पण गेली नाही. बसूनच तिने सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून तिच्या मुद्रणात एक टकटक येत होती. पिल्लांचा आवाज त्या टकटकीत बुडून जायचा. तिला वाटलं, विजेची काहीतरी गडबड असणार. म्हणून आम्ही गेल्यावर ती रोज एकेक वस्तू बंद करून पाहायची. ट्यूबलाइट, पंखा, फ्रिज, नळदादाचा पंप, आणि शेवटी माळीबुवांचा. मुद्रण संपलं की सगळं जसंच्या तसं चालू करून घरी जायची. पण तोवर टायमरची वेळ टळून गेलेली असायची.

"मला वाटलं, तो सकाळीही चालत असेल. एक वेळ चुकली तर काय बिघडतं? आणि पंप बंद केल्यावर टकटक कमी होण्याऐवजी वाढतच गेली. मग मला वाटलं, इथलंही वायरिंग सडलेलं असणार." तिचा आवाज चिरकला. "माझं एकही मुद्रण धड नाही, सर. एकही नाही. काहीच छान चाललेलं नाहीये."

माळीबुवांचा चेहरा लाल झाला. "विचारायला काय झालं होतं? मी काय माणसं खातो?"

"नाही, सर."

"बी रुजवल्यापासून जपलेली ओळ, पोरी!" एवढंच बोलून ते उठले आणि आमच्याकडे पाठ करून आपल्या कुंड्यांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

ती सामान आवरायला लागणार, हे मला दिसत होतं. तेवढ्यात नळदादाने आपला स्टूल तिच्याजवळ ओढला. "कशी टकटक?"

"म्हणजे?"

"अगं, टकटक पन्नास तऱ्हेची असते. ऐकव तरी."

तिने लॅपटॉप उघडला आणि आवाज संथ करून लावला. विरळ लाह्या फुटाव्यात तसा आवाज होता. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग टक्, टक्. परत शांत. नळदादा मान वाकडी करून ऐकत राहिला.

"ही विजेची नाही. विजेचा गोंगाट ठेक्यात येतो, गाणं शिकलेला असतो तो. ही मनाला येईल तेव्हा येते." तो उठून आपल्या काचेच्या नळीशी गेला आणि पंपाची ओढ वाढवत नेली. छताजवळ पाण्याची दोरी तुटली. टक्. त्याने परत तेच केलं. परत टक्. "ऐका. बहिणी वाटतात की नाही?"

"पण तुझा पंप बंद असतानाही येत होती," ताई म्हणाली. "तुझ्या नळीतून नाही येत ती."

"माझ्या नळीतून नाही, कबूल. पण ही आहे पाण्याची दोरी तुटल्याचीच. रोज दिवसभर हेच ऐकतो मी, झोपेतही ओळखीन. आता या गॅरेजात माझ्याशिवाय आणखी कोणाकडे नळ्या आहेत, ते सांगा."

आम्ही इकडेतिकडे पाहिलं. कोणाकडेच नव्हत्या. मग भिंतीकडे तोंड करून उभी असलेली पाठ सावकाश वळली.

"माझ्याकडे आहेत," माळीबुवा म्हणाले. "प्रत्येक खोडात. केसाहून बारीक, मुळापासून पानापर्यंत."

त्यानंतर कोण काय बोललं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण तिघंही एकदमच बोलत होती. मी मुलांना जसं सांगते तसं सांगते. पान वरून पाणी ओढतं, आपण स्ट्रॉने सरबत ओढावं तसं. मातीत ओल असली की खालून पाणी येत राहतं आणि ओढणाऱ्याला त्रास पडत नाही. माती कोरडी पडली की खालून पाणी सुटत नाही, पण वरची ओढ चालूच राहते. मग खोडातली पाण्याची बारीक दोरी ताणली जाते, ताणली जाते, आणि कुठेतरी तुटते. तिथे बुडबुडा होतो आणि टक् वाजतं. हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. वटवाघळांसाठी घेतलेल्या कानाला येतो.

"पुस्तकांत आहे हे," माळीबुवा टकलावरून मातीचा हात फिरवत म्हणाले. "लोकांनी खोडाला यंत्र चिकटवून ऐकलंय. पण हवेतून, एवढ्या अंतरावरून? ते माझ्या डोक्यातच आलं नाही. मी आपला पानांकडे डोळे लावून बसलोय, आणि ही पोरगी माझ्या रोपांची कुरकुर रोज मुद्रित करून रोज पुसून टाकतेय!"

"मग पंप बंद केल्यावर टकटक वाढली, कारण..." ताई मध्येच थांबली.

"कारण आधी एक ओळ कुरकुरत होती, तू दोन्ही कुरकुरायला लावल्यास." ते अजून हसले नव्हते, पण तिच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसले होते. "तो कान इकडे आण. बघू."

नुसतं वाटून चालत नाही, पाहावं लागतं. हे मी मुलांना सांगते, आणि ही तर मोठी माणसं होती. मायक्रोफोन तहानलेल्या ओळीजवळ ठेवला की टकटक यायची. नुसती माती भरलेल्या रिकाम्या कुंडीजवळ ठेवला की काही नाही. लाडक्या ओळीतल्या अर्ध्या रोपांना त्यांनी पोटभर पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी ती अर्धी गप्प आणि उरलेली अर्धी बोलकी. माळीबुवा थक्क झाले ते त्यानंतरच्या एका रोपापाशी. ते चांगलं ताठ उभं होतं. पान हिरवं, कुठे सुरकुती नाही. आणि तरी टकटक येत होती. माळीबुवा बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि त्या रोपाकडे बघत राहिले. इतकी वर्षं ते ज्याची वाट पाहत होते, ते पान सुकायच्या आधीचं बोलणं त्यांच्यासमोर चाललं होतं.

त्या दिवसांत मी मनातल्या मनात मुख्य इमारतीच्या सडक्या वायरिंगचे आभार मानत असे. ते धड असतं, तर ही तिघं तीन मजल्यांवर, तीन बंद दारांमागे बसली असती. येताजाता जिन्यात भेटली असती, "काय, कसं काय?" "छान!" एवढं बोलून आपापल्या खोलीत गेली असती. एकाच्या कामातला गोंगाट म्हणजे दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर, हे कळायला दोघांना एका छताखाली बसावं लागतं. आणि निदान एकाला तरी माझं अडलंय असं म्हणावं लागतं.

पण ताईचं अडलेलं अजून सुटलेलं नव्हतं. टकटक कुठून येते ते कळलं, म्हणून ती थांबली थोडीच? पिल्लं झपाट्याने वाढत होती. शिकायचे दिवस संपत आले होते. थोड्याच तिन्हीसांजा हातात होत्या आणि त्या स्वच्छ हव्या होत्या.

चहाला हाच विषय निघाला.

"कुंड्या बाहेर अंगणात काढू," नळदादा म्हणाला.

"सावलीत वाढलेली रोपं ती. उन्हात एका दिवसात होरपळतील."

"मग खड्डा हलवू."

"खड्डा कसा हलवणार रे?" मी म्हटलं.

"म्हणजे पिल्लं हो, बाई."

ताईने मान हलवली. "जागा बदलली की ती तोंडच उघडत नाहीत. परत सरावेपर्यंत मोठी होतील." मग म्हणाली, "राहू दे. सरांना जे हवं होतं ते तरी सापडलं. माझं आपलं..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माळीबुवांनी झारी उचलली. अंगणातल्या नळावर भरून आणली आणि तहानलेल्या ओळीच्या पहिल्या कुंडीत पाणी घालायला लागले.

"सर! ती तहानलेली ओळ आहे! तुमचा प्रयोग!"

"लाडक्या ओळीची वाट तूच लावलीस. आता ही एकटी ठेवून मी काय तिच्याशी गप्पा मारत बसू? तहानलेल्याला गप्प करायचं तर पाणीच पाजावं लागतं. दुसरा उपाय मला तरी ठाऊक नाही."

"पण एवढे दिवस जपलेली..."

"बी परत रुजतं. तुझी पिल्लं परत लहान होतील का? सरक, चपलेवर पाणी पडेल."

बोलणं चेष्टेचं होतं, पण प्रत्येक कुंडीशी त्यांचा हात जरा थबकत होता. ते मी पाहिलं आणि ताईनेही पाहिलं. मग ती दुसरी झारी घेऊन ओळीच्या दुसऱ्या टोकापासून सुरू झाली. मध्यावर दोघांची गाठ पडली तेव्हा दोघांनी उरलेलं पाणी एकाच कुंडीत ओतलं.

लाडक्या ओळीतल्या उरलेल्या रोपांनाही पाणी घातलं आणि सगळ्यांना ते मुरायला एक दिवस दिला. दुसऱ्या तिन्हीसांजेला आम्ही कोणीच घरी गेलो नाही. नळदादाने आपला पंप बंद केला, फ्रिज बंद केला, आणि वर आपले बूटही काढून ठेवले, कारण ते चालताना कुरकुरायचे. आम्ही टेबलाशी हात बांधून बसलो, परीक्षेच्या वर्गात बसावं तसे. ताईने मोठ्या मादीची साद लावली. पडद्यावर तिची वळणदार रेघ उमटली. त्यानंतर सपाट रेघ. लांबच लांब, स्वच्छ, एकही टक् नसलेली. आम्ही त्या सपाट रेघेकडेच इतक्या कौतुकाने बघत होतो, की पिल्लाने उत्तर दिलं ते आधी लक्षातच आलं नाही.

छोटी रेघ होती. वेडीवाकडी, शाळेत जायला लागलेल्या मुलाच्या अक्षरासारखी. पण वळण मादीच्या सादेचंच.

ताईने कानावरचा हेडफोन काढला. आपण ऐकायचं सोडून तिने ते उत्तर संथ करून लावलं आणि हेडफोन माळीबुवांच्या डोक्यावर चढवला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "हे तुझं पोर बोबडं आहे गं."

"शिकतंय, सर," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

पुढच्या तिन्हीसांजाही तशाच शांत गेल्या आणि बोबडेपणा दिवसागणिक कमी होत गेला. समितीच्या बैठकीला ताई ती सगळी मुद्रणं घेऊन गेली. तिथे काय झालं ते तिने परत आल्या आल्या शटरशी उभं राहूनच सांगितलं. स्वच्छ मुद्रणं ऐकवून झाल्यावर तिने आधीची टकटकवालीही लावली, आपण काय काय चुकलो आणि कोणाची ओळ सुकवली, तेही सांगितलं.

"अगं पण कशाला?" नळदादा ओरडला. "चांगलं चाललं होतं ना!"

"अध्यक्षांनीही हेच विचारलं. म्हणाले, एवढी चांगली मुद्रणं असताना हे बिघडलेलं का दाखवताय? मी म्हटलं, आमच्याकडे अशीच सवय आहे. आणि यातलं निम्मं माझं नाहीच. ते या दोघांचं आहे, त्यांची नावं माझ्याबरोबर घाला."

"मग?"

"मग तासभर त्यांनी टोमॅटोचंच विचारलं. वटवाघळांचं कोणी नावच काढेना. शेवटी म्हणाले, जागा तुमचीच. पण पुढचं काम तिघांनी मिळून द्या."

माळीबुवांनी खुंटीवरचा पंचा काढून डोळे पुसले आणि धूळ फार झालीय असं काहीतरी पुटपुटले. मी त्या तिघांकडे पाहत होते आणि मला वाटत होतं, इतकी वर्षं फळ्यापुढे उभी राहून मी मुलांना जे समजावू पाहत होते, ते मला या ऑइलच्या वासात बसल्या जागी पाहायला मिळालं. याबद्दल कोणाचे आभार मानायचे ते कळत नव्हतं. तिघांचेही मानावेत, आणि पिल्लांचेही.

मोसम उलटल्यावर मुख्य इमारत तयार झाली. संचालकबाई स्वतः आल्या, प्रत्येकाला आपापली खोली मिळेल म्हणाल्या. दार, कुलूप, नवं वायरिंग. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. माळीबुवा म्हणाले, "बाईसाहेब, आमची रोपं एवढ्यात हलवण्यासारखी नाहीत."

"कुठली रोपं?" संचालकबाईंनी रिकाम्या भिंतीकडे पाहिलं.

"अजून पेरायची आहेत," नळदादा म्हणाला.

त्या हसल्या आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माळीबुवांनी नव्या कुंड्या मांडल्या, माती चाळून भरली आणि बियांची पुडी उघडली. ताई बाजूला उभी होती.

"या खेपेला लाडक्या ओळी किती ठेवायच्या आणि तहानलेल्या किती?" त्यांनी विचारलं.

"मला विचारताय, सर?"

"मग कोणाला विचारू? ऐकायचं तुला आहे."

ती विचारात पडली. नळदादाला हाक मारून तिने त्याचंही मत घेतलं, दोघांचं थोडं भांडणही झालं. मग ती म्हणाली, "तहानलेल्या दोन. एक लवकर तहानलेली, एक उशिरा." आणि बाह्या वर सारून तिने पुडीतलं एक बी चिमटीत घेतलं.

"सर, मला हे येत नाही," ती म्हणाली. "किती खोल घालायचं असतं?"

"नखाएवढं," माळीबुवा म्हणाले, आणि आपलं काळं नख मातीत रोवून त्यांनी तिला दाखवलं.